टेबलावरची दोन बोटं

सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पण पाऊस पडायचं नाव नाही; नुसता दमटपणा. अशा हवेत कुलपं रुसतात. कुलूपवाल्या दादांनी औषधांच्या दुकानाचं शटर गुडघ्यावर बसून उघडून दिलं आणि वर दुकानदारालाच बजावलं, "आतून कुणीतरी खुडबूड केलीय याच्याशी. दुकानातल्या माणसांवर नजर ठेवा." दुकानात माणूस म्हणजे त्याची सख्खी बायको. पण दादांचा पिंडच तसा. दुधावर साय पातळ आली तरी त्यांच्या भुवया वर जात.

त्यात धाकट्या बहिणीने काल वेगळंच पिल्लू सोडलं होतं. "दादा, उद्या दुपारी बाहेर जेवायचं. पैसे मी देतेय. बोलायचंय, घरात नको."

नवरा गेल्यापासून धाकटी दादांकडेच होती. दादांचं लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे घर चालायचं ते तिच्या हातावर. घरात बोलता येत नाही असं काय असणार? ही घर सोडून निघाली, हा एकच किडा दादांच्या डोक्यात वळवळत होता.

आणि हॉटेल तरी कुठलं? कँटोनीज, दक्षिण चीनकडच्या जेवणाचं. दारात काचेच्या टाकीत जिवंत मासे, पायाखाली गालिचा. मधल्या लांब टेबलावर डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या, बांबूच्या टोपल्यांची चळत, झाकण उचललं की वाफ. हवं ते घ्या, हवं तेवढं घ्या. 'हवं तेवढं' या शब्दांवर दादांचा जन्मात विश्वास बसला नव्हता.

"यात काय भरलंय?"

"कोळंबी."

दादांनी ती आरपार दिसणारी पुरचुंडी काट्याने उलटीपालटी केली. "एवढं उघडं दाखवतात, म्हणजे लपवाछपवी दुसरीकडे असणार."

"खा रे दादा. ती काही जबानी देणार नाही."

वेटरने चहा ओतला. धाकटीने बोलता बोलता, त्याच्याकडे न बघताच, दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं. तो मान लववून गेला. शेजारच्या टेबलावरचे कँटोनीज आजोबाही तेच करत होते. चहा आला की टकटक. म्हणजे ही इथली आभार मानायची रीत. दादांचा घास तोंडातच राहिला. बाहेरचं खाल्लं की पित्त होतं म्हणणाऱ्या या बाईला ही रीत शिकवली कुणी?

"इथे नेहमी येतेस तू."

"छे, काहीतरीच!"

"बोटं बघितली मी तुझी. सरावलेली आहेत."

धाकटी आधी हसली, मग चक्क लाजली. पन्नाशी उलटलेली बहीण लाजताना बघून दादांनी काटा खाली ठेवला.

"कोण आहे?"

"चष्म्याच्या दुकानातले. बायको वारली त्यांची. लग्न करू म्हणतात. दादाने हो म्हटलं तरच, असं मी सांगितलंय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर घरी जाऊ. रात्रीचा स्वयंपाक करीन."

यातही डाव असेल म्हणून दादांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. डाव सापडेना. उलट आपल्याला बहीण हवी की आयतं ताट, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

"आहे कुठे तो?"

"समोरच्या फुटपाथवर."

"उपाशी? अगं, इथे हवं तेवढं चाललंय आणि माणूस बाहेर तिष्ठतोय? बोलाव. पण हो म्हटलेलं नाही मी."

चष्मेवाले आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. दादांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "ही चिडली की काय करते, सांगा."

"बोलत नाहीत. भांडी आपटतात."

"किती वेळ?"

"आपण दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत. मग आणखी जोरात."

दादांना ठसका लागला. हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"माहीत असूनही करताय?"

"असूनही."

"मग करा. पण रविवारी दोघांनी जेवायला यायचं माझ्याकडे."

"शिजवणार कोण?" धाकटीने विचारलं.

"मी. विष नाही घालणार. संशय घेऊ नकोस."

दादा आपल्या कुलपांच्या दुकानात परतले तेव्हा कुणाची तरी अडलेली सुटकेस बाकावर पडली होती. कुणी खुडबूड केली हा विचार बाजूला ठेवून दादांनी दिवा जवळ ओढला, कुलपात तेलाचा थेंब सोडला आणि बारीक तार हातात घेतली.