सात ‘हो’ आणि बीबीचं स्थळ

साखरखेर्ड्याच्या शाळेवर मी नुकताच गुरुजी म्हणून लागलो होतो आणि जवळच्या बीबी गावातल्या एका घरी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तेव्हाची गोष्ट. शहरातल्या कॉलेजातून एक माणूस आला. त्याच्याकडे प्रश्नांचा छापील कागद. रात्री झोप उडते का? छातीत धडधडतं का? उगाच रडू येतं का? पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. “नाव नका टाकू,” असं तो म्हणाला आणि गावाचा संशय दुप्पट झाला. नाव नको, पण कोपऱ्यात आकडा मात्र आहे! कुणी कागदाला हात लावेना. शिकलेला म्हणून मीच पुढे झालो, आणि खरं बोलावं हे शिकवण्याचाच पगार घेत असल्यानं सात ठिकाणी ‘हो’ लिहिलं.

बाबांना कळलं. “पोरीच्या बापाले समजलं त? येड्यात काढतीन तुले!”

पंधरा दिवसांनी तोच माणूस, तोच कागद. म्हणाला, “मी माणूस नाही तपासत, प्रश्न तपासतो. एकच धोंडा दोनदा तोलल्याशिवाय तराजू खरा की खोटा, कसं कळणार?”

“दोनदा त पोलीस इचारतात,” म्हणत बाबा माझ्या शेजारी बाजेवर बसले. मी वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहिलं.

त्यानं आकडा जुळवून दोन्ही कागद समोर ठेवले. “गुरुजी, यातला खरा कोणता?”

बाबा खाकरले.

“दुसरा,” मी म्हणालो.

त्यानं दोन्ही कागद पिशवीत घातले. जाताना फक्त उद्या बीबीकडे एसटी किती वाजता आहे, ते विचारलं.

“पाह्य, चालला सांगाले!” बाबा म्हणाले. त्यानं सांगायच्या आत आपणच सांगितलेलं बरं, म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं तेच बीबीला गेले. दुपारी परतले.

“काय सांगितलं, बाबा?”

“सातही सांगितले. झोपेचं, छातीचं, रडायचं बी.”

“रडायचं काऊन?”

“मागून निघालं असतं त?”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणे, पोराचा ऐब सोता घेऊन येणारा बाप पयल्यांदाच पाह्यला. आयतवारी साखरपुडा हाय.”

तो माणूस बीबीत उतरलाच नाही, गाडीतून तसाच पुढे गेला, हे मागाहून कळलं.

सासरी आजही जावयाला चहाआधी विचारतात, “झोप झाली का चांगली?” मी ‘हो’ म्हणतो. कुणाचा विश्वास बसत नाही.