ब्रेकवरचा पाय

कळंबला निजामुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज पुढं, घर मागं. जुन्या जीपचं मागचं चाक कुठं ढिलं झालंय हे शोधायला त्याला मशीन लागत नसे. बायको लागत असे!

"शमसू, ब्रेक!" अशी हाक गेली की शमसुन्निसा पिठाच्या हातांनीच यायची, जीपमध्ये चढून ब्रेक दाबायची आणि ओरडायची, "दाबला!" मग निजामभाई जॅकवर उचललेलं चाक वरून-खालून धरून हलवायचा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर खोट चाकाच्या बेअरिंगमध्ये. तरीही हललं, तर खोट दुसरीकडं, मग अख्खा अ‍ॅक्सल उतरवा. तीस वर्षं हे असंच चाललं. एकदाही चुकलं नाही. "खरी मिस्त्री भाभीच, निजामभाई नुसता ओरडते," असं लोक चिडवायचे, तर सगळ्यात जास्त तोच हसायचा.

गेल्या दिवाळीनंतर विठ्ठलरावांची जीप आली, कापूस वाहून वाहून मागून खडखडणारी.

"शमसू, ब्रेक!"

"दाबला!"

चाक हललं.

"जोरात दाब ना!"

"जोरातच दाबून राह्यले!"

तरी हललं. म्हणजे बेअरिंग नाही. त्यानं अ‍ॅक्सल उतरवला, खोलला, आतला दात न् दात तपासला. काही नाही. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी विठ्ठलराव म्हणाले, "निजामभाई, कापूस पडून आहे ना बाप्पा, मले गाडी कधी देतं?" मिस्त्रीचं डोकंच फिरलं. चाक सोडून तो तणतणत जीपच्या दाराशी आला. "जेवली नाहीस का सकाळपासून? ताकद कुठं गेली तुही?"

एवढं बोलला आणि त्याची नजर खाली गेली. शमसुन्निसा घाम फुटेस्तोवर जोर लावत होती. पण पाय ब्रेकवर नव्हताच. तो शेजारी, जीपच्या पत्र्यावर होता. चप्पल कधीच गळून पडली होती. अंगठ्याखाली रुपयाएवढी काळी जखम होती आणि पत्र्यावर रक्त.

"दाबला ना मी," ती म्हणाली. "काहून, काय झालं?"

साखर. तिनं पाय पार बधिर झाला होता. पायाला मुंग्या कधीपासून येतात, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणे वर्ष झालं असेल. मग घरी सांगितलं काहून नाही? "याइले काम असते," ती नवऱ्याकडं पाहत म्हणाली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता सांगा, केसाएवढा ढिलेपणा ज्याच्या बोटांना कळायचा, तो माणूस तीन दिवस लोखंड खोलत बसला! विठ्ठलरावांच्या जीपचं बेअरिंगच गेलं होतं. एकदा वाकून पाय पाहिला असता तर, एवढंच तो भेटेल त्याला सांगतो आणि रडतो.

आता तो सीट आणि ब्रेक यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवतो. काम होतं. परवा झरी जामणीहून रामधनची जीप आली. चाक जॅकवर चढलं, दांडा लावायचा राहिला आणि तीस वर्षांची सवय, तोंडून निघूनच गेलं, "शमसू, ब्रेक!"

रामधननं मान खाली घातली. निजामभाईनं जीभ चावली, पण हाक तर गेली होती. मग आतल्या खाटेवरून नेहमीच्याच ठसक्यात आवाज आला.

"दाबला!"

निजामभाईनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि त्यालाच कपाळ टेकून तो ढसाढसा रडू लागला.

"दाबला म्हणते ना," आतून पुन्हा आवाज आला, "हलवून तर पाहा."