बाभळीचा काटा

बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी अर्धपोटी राहून एक खोंड जगवला होता. पाऊसपाणी झाल्यावर कुंडलच्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्याला दुसऱ्या बैलाच्या जोडीला जुंपून विशीतला मी आमची गाडी हाकायला बसलो. वडिलांची अट एकच होती, बैलाला टोचायचं नाही.

शेवटच्या टप्प्यात शेजारची गाडी पुढे निघाली आणि मी मुठीत लपवलेला खिळा खोंडाच्या पुठ्ठ्यात खुपसला. आम्ही पहिले आलो. गुलालाने माखलेले वडील सगळ्यांना सांगत होते, “नुसत्या हाकेवर पळतंय गड्या, लय गुणाचं हाय!”

संध्याकाळी खोंडाला धुताना त्यांना जखम दिसली.

“हे काय रं?”

“गोठ्यापुढच्या बाभळीचा काटा लागला असंल,” मी म्हणालो.

त्यांनी जखमेत हळद भरली. खोंडाने मान वळवून माझाच हात चाटला.

सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजाने मला जाग आली. ज्या बाभळीच्या सावलीत वडील रोज दुपारची भाकरी खायचे, तीच ते तोडत होते. “जनावराला पुन्यांदा लागाय नगं,” ते म्हणाले.

दुसरी कुऱ्हाड घेऊन मीही त्यांच्या शेजारी घाव घालू लागलो. खरं तेवढं सांगितलं नाही.