दरबारातला पॉइंट

आमचे हे बावीस वर्षं फौजेत होते आणि मी बावीस वर्षं वावरात. लग्न झालं त्याच वर्षी ते भरती झाले, म्हणजे सुरुवात दोघांची बरोबरच. त्यांना पेन्शन मिळते. एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझी जीभ जरा सैल सुटली तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

हवालदार म्हणून घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी पत्र्याची पेटी होती, आणि सवयी इतक्या की त्या पेटीत मावल्या नसत्या. पहाटे चारला उठायचं. बादली, तांब्या, मग्गा उंचीप्रमाणे एका रांगेत ठेवायचे. पहिल्याच हंगामात त्यांनी दोरी धरून कपाशीच्या ओळी अशा सरळ केल्या की गावातली माणसं बघायला आली. पीक आलं दरवर्षीएवढंच. तेवढं मी वाकड्या ओळीतही काढत होते, पण बोलले नाही. नव्या माणसाला लगेच नाउमेद करू नये.

वावरात हुकूम ऐकणारं कोणी नसतं. कपाशीला 'सावधान' म्हटलं म्हणून ती उभी राहत नाही. त्यामुळे यांचं मन रमलं ते तालुक्याच्या गावी, मोताळ्याच्या खोलीत. तालुक्यातल्या माजी सैनिकांनी बाजाराच्या अंगाला एक पत्र्याची खोली घेतली होती, तिला ते 'युनिट' म्हणत. भिंतीवर देशाचा नकाशा आणि कोणत्या तरी बर्फाच्या डोंगरापाशी काढलेला जवानांचा फोटो. त्या फोटोत जो तो स्वतःला दाखवायचा, आणि फोटो इतका धूसर की कोणाला खोटं म्हणायची सोय नव्हती. एका दरीवर, म्हणजे सतरंजीवर, मराठे, माळी, बौद्ध, मुसलमान मांडीला मांडी लावून बसायचे आणि आपसात हिंदीत बोलायचे, दोघं एकाच गल्लीतले असले तरी. उंबरठ्याबाहेर पाय पडला की परत आपलं वऱ्हाडी 'काऊन बे' सुरू.

बाजाराच्या दिवशी तिथं बैठक व्हायची. तिला दरबार म्हणायचे. फौजेत म्हणे मोठा साहेब महिन्यातून एकदा सगळ्या जवानांना समोर बसवतो, चार गोष्टी सांगतो आणि शेवटी विचारतो, कोणाचा काही पॉइंट? तक्रार असो, मागणी असो, साध्या शिपायानंही उभं राहून बोलायचं आणि साहेबानं ऐकून घ्यायचं, असा तिथला नियम. आमचे हे अध्यक्ष झाले आणि तो नियम मोताळ्याला आला. "किसी का कोई पॉइंट?" हे विचारताना यांचा आवाज जरा जाड व्हायचा. उत्तर कधीच यायचं नाही. मग चहा यायचा.

मला हे ठाऊक, कारण मी बाहेर पायरीवर बसलेली असायचे, भाजीच्या पिशव्या सांभाळत, यांची वाट पाहत. पायरीवर आणखी दोन-तीन बाया असायच्या. कोणाचा नवरा फौजेत असताना गेलेला, कोणाच्या पेन्शनच्या कागदावर सही हवी असलेली. आम्ही आत यायला कोणाची मनाई होती असं नाही. ते कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात चांगल्या कारणानं येत नव्हतं. बीटी कपाशी येऊन काही वर्षं झाली होती. घरात राखून ठेवायचं गावरान बियाणं गावोगाव संपलं होतं, आणि मे सरत आला की सगळा तालुका कृषी केंद्राच्या दारात. पिकलं तर भाव नाही आणि भाव आला तर पिकलं नाही, तरी पुढच्या साली पाकिटासाठी मारामारी. त्यात एका वाणाचं खूळ आलं. त्याचं बोंड मोठं, वेचायला हलकं, असं सगळे म्हणत. वेचणाऱ्या आम्ही बाया, तेव्हा ते खरं होतं हे मी सांगू शकते. आमच्या नाल्याकाठच्या दोन एकरांत मला तेच लावायचं होतं. वेचणीला बाया मिळत नव्हत्या, माझी कंबर पहिल्यासारखी राहिली नव्हती, आणि मोठं बोंड म्हणजे तेवढंच कमी वाकणं. एका सातबाऱ्यावर दोन पाकिटं द्यायचं ठरलं होतं. मला ती दोन हवी होती.

आदल्या साली याच रांगेत डोकी फुटली होती. म्हणून त्या वर्षी तालुक्याच्या साहेबानं युनिटला विनंती केली की रांगेची शिस्त तुम्ही सांभाळा. झालं. पेट्यांतून टोप्या निघाल्या, पट्टे निघाले. पट्ट्यांची भोकं पोटाला पुरेनात, तेव्हा मोच्याकडून नवी पाडून आणली. दुकानासमोर चुन्याच्या रेघा मारल्या. युनिटचे चिटणीस निवृत्त नाईक होते, त्यांचं अक्षर मोत्यासारखं; त्यांनी एका फळ्यावर नियम लिहिले. त्यातला एक असा की रांगेत माणूस उभा राहील, वस्तू नाही. आमच्याकडे रांगेत चप्पल, वीट, नाहीतर पिशवी ठेवून माणूस झाडाखाली जाऊन बसतो आणि सगळे त्या चपलेला मान देतात. फौजेला हे पटलं नाही. हा नियम यांनी मला घरी सांगितला होता का, आता आठवत नाही. सांगितला असेलही. हे दिवसातून इतके नियम सांगायचे की मी मीठ-मिरचीपुरते ऐकायचे.

मला सोबत न्या म्हटलं तर हे म्हणाले, अध्यक्षाची बायको अध्यक्षासोबत आली तर लोक काय म्हणतील. म्हणून ते मोटरसायकलनं गेले आणि मी पहाटेच्या पहिल्या काळी-पिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून गेले. रांगेत तिसावा-बत्तिसावा नंबर लागला. उजाडलं. यांची शिट्टी वाजत होती, टोपी तिरपी, मिशीला पीळ. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. पुढच्या बाईला मी सांगितलंसुद्धा की ते आमचे.

दुकान दहाला उघडणार होतं. नऊच्या सुमारास मला थांबणं अशक्य झालं. घरून निघाल्यापासून मी दम धरून होते. पुरुषांना भिंत चालते. बाईसाठी तिथं जवळपास काही सोय नव्हती. बाजारामागच्या गल्लीत माझ्या ओळखीच्या एक बाई राहायच्या. मागच्या बाईला सांगितलं, चपला माझ्या जागेवर ठेवल्या आणि अनवाणी त्यांच्या घरी गेले. गेले तशी आले, चहालासुद्धा थांबले नाही.

येऊन बघते तर माझ्या चपला भिंतीपाशी, इतर पन्नास चपलांच्या ढिगात. रांग पुढं सरकून माझी जागा बुजलेली. आणि समोर आमचे हे. मागची बाई म्हणत होती, त्या इथंच होत्या, मी साक्षीला आहे. कोणी तरी म्हणालं, अध्यक्षाच्या घरच्या आहेत, राहू द्या. तेच नडलं. हे एकदम ताठ झाले आणि मला म्हणाले, "पीछे जाइए."

एकोणतीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी पहिल्यांदा हिंदीत बोलले. मग जरा आवाज उतरवून आपल्या बोलीत विचारलं, "कुठी गेली होती?"

शंभर माणसं कान देऊन ऐकत होती. मी काय सांगणार? चपला शोधून पायात घातल्या आणि शेपटाला जाऊन उभी राहिले.

माझ्या पुढं अकरा माणसं असताना पाकिटं संपली. तेही यांनीच शिट्टी वाजवून जाहीर केलं. दिवसभर चहाच्या टपरीवर यांचीच गोष्ट. असा माणूस पाहिला नाही, स्वतःच्या बायकोला मागं पाठवलं. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. यांनी तो कापून आरशाशेजारी चिकटवला. मी रोज वेणी घालताना यांची शिस्त बघत होते.

नाल्याकाठच्या दोन एकरांत दुकानदारानं जे बियाणं हातावर ठेवलं तेच टोबलं. घरात मी बोलणं बंद केलं. ताट वेळेवर, पाणी वेळेवर, शब्द एक नाही; शिस्त काय फक्त फौजेलाच येते? यांना वाटलं राग बियाण्याचा आहे. एका दुपारी त्याच वाणासाठी मोटरसायकल काढून धामणगाव बढे गावापर्यंत जाऊन आले, हात हलवत आले, आणि कुठं कुठं विचारलं ते सगळं मला सांगत बसले. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. पाकिटांचा राग अर्धा होता. शंभर माणसांत मला 'कुठी गेली होती' विचारणारा माणूस घरात आल्यावर ते एकदाही विचारत नव्हता, उरलेला राग त्याचा होता.

पुढच्या बाजाराला दरबार भरला. मी पायरीवर. आत रांगेच्या बंदोबस्ताचं कौतुक झालं. युनिटमधले सगळ्यात वडीलधारे, ऐंशीच्या घरातले निवृत्त सुभेदार, त्यांच्या हातून यांना हार घातला. मग हे हारासकट उभे राहिले आणि जाड आवाजात विचारलं, "किसी का कोई पॉइंट?"

"माहा एक पॉइंट हाय," मी पायरीवरून म्हटलं.

हे दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, बाजार झाला असेल तर तू पुढं हो, मी आलोच. सुभेदार साहेबांना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना नेमकं ऐकू गेलं.

"दरबार में पॉइंट रोका नहीं जाता," ते म्हणाले. "अंदर आने दो."

मी आत गेले. आठ दिवसांचं न बोललेलं साठलेलं होतं, त्यानं मला धरून ठेवलं. म्हटलं, "रांगेतल्या बाईले लघवीले लागलं तं तिनं काय करावं? तुमच्या फळ्यावर ते लिहेल नाही."

कोणी नकाशाकडे बघू लागलं, कोणी फोटोकडे. नाईक साहेबांचं पेन वहीवर थांबलं. फौजेत म्हणे माणसाला गोळीबारातही वाट काढता येते, पण त्या खोलीत एकालाही काढता येईना. यांचा चेहरा गळ्यातल्या झेंडूएवढा पिवळा पडला.

"तू सांगाचं होतं मले," हे म्हणाले.

"कोन्या तोंडानं? सारी रांग ऐकून राह्यली होती."

सुभेदार साहेबांनी यांना समोर उभं केलं आणि शांतपणे विचारलं, पहाऱ्यावरच्या जवानाला जायची वेळ आली तर तुमच्या युनिटमध्ये काय करत होते? हे म्हणाले, बदली माणूस उभा करत होतो. त्यांनी विचारलं, परत आल्यावर त्याला त्याची जागा मिळायची की त्याला मागं पाठवायचे?

"मिलती थी, साब," हे म्हणाले, आणि त्यांचे हात आपोआप, सावधानमध्ये लागतात तसे, पॅन्टच्या शिवणीला लागले.

"तो फिर?"

"पॉइंट सही है."

नाईक साहेबांनी ते वहीत लिहिलं. पुढच्या साली बायांची रांग वेगळी लागली, बाहेर जाणारीच्या हातात नंबराची चिठ्ठी मिळू लागली आणि दुकानदाराला बायांसाठी परसदार उघडं ठेवायला सांगितलं. पायरीवरच्या बायाही त्या दिवसापासून आत दरीवर बसू लागल्या. त्यांनी नंतर जे पॉइंट काढले, त्यांच्यापुढं माझा काहीच नव्हता. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. हे न बोलता हातपाय धुऊन जेवायला बसले. मला वाटलं आता चिडतील, चारचौघांत लाज काढली म्हणतील. मीही उत्तरं तयार ठेवली होती. यांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"आन वावरात?" यांनी विचारलं.

"वावरात काय?"

"मी नव्हतो तवा. दिवसभर वावरात राहे तू. कुठी जाये?"

एवढा मोठा हवालदार, आणि ताटाकडे बघून विचारत होता. मीही साधंच सांगितलं. "कपाशी कमरेले लागली का मंग सोय होते. तोवर पाणी कमी प्याचं. पेरणीच्या दिवसात तं पीतच नाही."

"बावीस वर्स?"

"हाव," मी म्हटलं. "आन तुम्ही घरी येऊन बी सात झाले."