आणि इतर मित्रपक्ष

विधानसभेच्या प्रचारातला शेवटचा सोमवार. नांदेडची सभा. रक्कम चार हजार, आमची माणसं आणायला मोठ्या पक्षानं दिलेलं दोन क्रुझरचं भाडं. हजर: त्यांचा संयोजक, त्याची दोन पोरं आणि मी, एका लहान पक्षाचा मुदखेड तालुकाध्यक्ष. स्टेजमागे संयोजकानं माझ्या गळ्यातला पिवळा गमचा ओढून काढला.

"काका, कॅमेऱ्यात एकच रंग दिसला पाहिजे." त्यानं त्यांच्या पक्षाचा गमचा माझ्या गळ्यात अडकवला.

"आपली युती हाय ना?"

"हाय की. म्हणून तर स्टेजवर घेऊन राहिलो तुम्हाला."

पोरं हसली. एकानं स्टेजवर जाऊन माझ्या गमच्यानं साहेबांची खुर्ची पुसली आणि तो खुर्चीखाली टाकून दिला.

तो माझ्या बायकोनं शिवलेला. असे चाळीस शिवले होते तिनं. पेपरवाले आम्हाला छापत नाहीत. चौकात बॅनर लावला की दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढतो. गावोगाव लोक आम्हाला 'पिवळे गमचेवाले' म्हणतात, तेवढीच ओळख. जिल्ह्याच्या स्टेजवरून एकदा पक्षाचं नाव घेतलं जाईल, एवढ्यासाठी मी युतीला हो म्हणालो होतो.

शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. उठून जावंसं वाटत होतं. पण माणसं मी आणलेली आणि गाड्या त्यांच्या. सूत्रसंचालक एकेका पक्षाचं नाव घेत होता, टाळ्या पडत होत्या. मी सावरून बसलो.

"आणि इतर मित्रपक्ष," तो म्हणाला. भाषण सुरू झालं.

फोन थरथरला. बायको खाली बायकांत बसली होती.

"अहो, आपलं नाव कवा घेणार हायत? बाया इचारून राहिल्या."

"घेतलं."

"कवा? मी तर कान लावून बसले."

मी फोन बंद केला.

साहेबांच्या भाषणाआधी फोटोसाठी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून वर केले. संयोजकानं मला मागून ढकललं. "काका, हात वर."

मी हात वर केला नाही. त्यांचा गमचा काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला. माझा साहेबांच्या खुर्चीखालून उचलला. मळलेला होता. तसाच गळ्यात घातला आणि उतरलो.

माणसांना गोळा करून गाड्यांपाशी आलो. ड्रायव्हर म्हणाला, "सभा संपल्याबिगर गाडी हलत न्हाई. भाडं त्यांचं हाय."

मागोमाग संयोजक आला. "आता कसं जाता, काका? पायी?"

आमची पिठाची गिरणी आहे. तिच्या नव्या मोटारीसाठी आणलेले पैसे बायकोच्या पिशवीत होते. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. काही न विचारता पैसे काढून दिले.

"मोजून घ्या," मी संयोजकाला म्हणालो. "आता गाड्या आमच्या."

"बरं. कुणाकडून आले म्हणून सांगू?"

मी पक्षाचं पूर्ण नाव सांगितलं.

"काय म्हणालात?"

पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

त्यानंतर पंचायत समितीची निवडणूक लागली. युतीचा निरोप आला होता, मी गेलो नाही. उमेदवार माझी बायको. मतांचा अंदाज मला आहे, अनामत जाणार. पण उमेदवारांच्या यादीत पक्षाचं नाव छापावंच लागेल, आणि तिथं कुणाला 'इतर' लिहिता येणार नाही. पुढच्या वेळीही उभं राहायचं. त्याच्या पुढच्या वेळीही.

चार हजार संयोजकाला दिले. अनामत निवडणूक अधिकाऱ्याकडे भरली. गिरणी अजून जुन्याच मोटारीवर चालते.