पाहुण्याच्या चाकाला तेल

कळसच्या गेनूआबांच्या वस्तीवरून कोरड्या चाकाने कुणी परत गेल्याचं मला तरी आठवत नाही. पाहुणा चहाला टेकला की आबा बैलगाडीखाली टांगलेलं एरंडेलाच्या वंगणाचं नळकांडं काढायचे आणि थेट त्याच्या वाहनाकडे जायचे. मग ती बैलगाडी असो नाहीतर सायकल. मी शेतकी खात्यात, इंदापूरहून सायकल मारत जायचो. परतताना लेंगा हमखास काळा व्हायचा आणि घरी बायको कावायची. मी एकदा आबांना हे सांगून पाहिलं.

"लेंगा धुता येतुय," आबा म्हणाले. "चाक कुरकुरलं तर लोक म्हणतील, गेनबाच्या घरनं पाहुणा तसाच धाडला."

झालं! त्यात आबांचा आवाज असा, की कालव्यापलीकडच्या माणसाशी ते अलीकडून खासगी बोलायचे. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे तो साऱ्या कळसला ऐकवणं.

स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं व्हायची होती. त्या वर्षी उसावर पाकोळीची कीड पडली, आणि औषध फवारायला एका कंपनीचं छोटं विमान आलं. ते आबांच्या वस्तीमागच्या माळावर उतरलं. चालवणारा लेले नावाचा पुण्याचा तरुण होता, शिडशिडीत आणि लाजाळू. रात्री जेवताना त्याने सांगून टाकलं, की मागे बारामतीकडे विमान तारेला घासलं होतं आणि आता पुन्हा काही झालं तर घरी बसवीन, असा साहेबांनी दम दिलाय. आबांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाले, "हितं काय बी व्हत न्हाय. तुमी आमचं पाहुणं हाय."

सकाळी विमान सुरू झालं. ते जमिनीवरूनच चालवत माळाच्या टोकाला न्यायचं, तिथे वळवायचं आणि मग उडवायचं. टोकाला उतार, आणि उताराखाली आबांची बिनकठड्याची विहीर. लेले वळायच्या जागी आला, पण विमान वळेना, थांबेना. जमिनीवर वळायलाही ब्रेकच लागतो, आणि तोच लागत नव्हता. त्याने इंजिन बंद केलं तरी विमान आपलं उताराने निघालंच. आबा धोतर खोचून धावले आणि पळत्या बैलाला धरावं तसं त्यांनी विमानाचं शेपूट धरलं. मागून आम्ही चार-पाच जण लोंबकळलो. विमानाने आम्हाला फरफटत नेलं, कापडी पंख कडब्याच्या गंजीत घुसून फाटला, आणि विहिरीच्या अलीकडे ते गर्रकन फिरून थांबलं.

लेले खाली उतरला तो पांढराफटक. चाकाजवळ बसून त्याने बोट फिरवलं, वास घेतला. एरंडेल! ब्रेकच्या आतपर्यंत माखलेलं. सगळे आबांकडे बघू लागले. आबांच्या कारभारणीला आम्ही जिजी म्हणायचो. तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "इमानाला बी सोडलं न्हाय ह्यांनी."

दुपारी कंपनीचे साहेब जीपने आले. फाटलेला पंख बघून त्यांनी लेलेला फैलावर घेतलं. तो एवढंच म्हणाला, की ब्रेक आपोआप गेला. म्हाताऱ्या माणसावर बालंट नको, म्हणून तो आबांचं नाव घेईना. साहेबांनी त्याला सामान बांधायला सांगितलं.

तेवढ्यात आबा नळकांडं घेऊन पुढे झाले. पहाटे पाहुणा झोपेत असताना आपण चाकाखाली बसून तेल कसं दिलं, ते त्यांनी सगळं सांगितलं. साहेब तरी ऐकेनात. उडायच्या आधी चाकं तपासणं हे पायलटचं काम, असं म्हणू लागले.

"सायेब," आबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले, "पाहुणा यजमानाच्या अंगणात गाडी तपासतो व्हय? आमच्यावर भरवसा ठिवला, ह्यो त्याचा गुन्हा. दंड मला करा. त्याच्या पोटावर पाय देऊ नका."

साहेबांनी एकदा आबांच्या हातातल्या नळकांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, पंख शिवून घ्या आणि चाकं धुवा. लेलेची नोकरी वाचली. निघताना मात्र साहेबांनी ड्रायव्हरला जीपच्या चाकांपाशी पहाऱ्याला उभं केलं. आबांना ते फार लागलं. पुढे ते प्रत्येकाला आधी विचारायचे, "तुमच्या गाडीला त्याल चालतं न्हवं?"

पुष्कळ वर्षांनी आबा गेले. तेराव्याला लेले पुण्याहून मोटारसायकलवर आला, केस पिकलेले. जेवणं झाली, निरोप झाले, तरी तो गाडीशी नुसताच उभा. मी विचारलं, काही राहिलं का? तो जिजीकडे बघत म्हणाला, "जिजी, आज चाकाला कुणी तेल दिलं नाही."

जिजी आत गेली, नळकांडं घेऊन आली आणि डोळ्यांना पदर लावत मोटारसायकलपाशी बसली.

"आधी ब्रेक कुठं हाय त्यो दाव, बाबा," ती म्हणाली.