दिगंबरची इंग्रजी आणि माझ्या जिलब्या

हसा, खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. आयुष्यात मी एकदाच मास्तरकी केली, आणि अशी केली की आजही कुणी मला मास्तर म्हटलं की मी तिथून काढता पाय घेतो.

हैदराबाद नुकतंच हिंदुस्थानात सामील झालं होतं. नामपल्लीला आमचं आरोग्य खात्याचं दफ्तर. कालपर्यंत सगळा कारभार उर्दूत, आणि एका सकाळी हुकूम आला, आता इंग्रजी! तीन महिन्यांनी परीक्षा. नापास होईल त्याने घरी बसायचं.

मी मॅट्रिक, मला कसली भीती? पण शेजारच्या टेबलावरचा माझा दोस्त दिगंबर पार हबकला. अडतीस वर्षांचा गडी, उर्दू मोत्यासारखी, इंग्रजीच्या नावाने शंख! घरात तीन पोरं.

"यार, नोकरी गेली तर खायचं काय?"

"मी आहे ना! कायको डरतो?" मी छाती फुगवून म्हणालो.

झालं! रोज सकाळी गौलीगुड्याला त्याच्या ओट्यावर शिकवणी सुरू. आणि पहिल्या दिवसापासून ह्याची नाटकं. दर पाच मिनिटांनी पाणी. अख्खा तांब्या रिकामा! मग परसात पळायचं. परत आला की पुन्हा पाणी. मला वाटलं, अभ्यास चुकवतोय लेकाचा.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचे सदरे बघा ना कसे ढगळ व्हायला लागलेत."

"वहिनी, इंग्रजीची दहशत आहे ती! परीक्षा झाली की बाळसं धरेल."

पुस्तक पुढे धरलं की म्हणायचा, "अक्षरं हलतात रे."

"इंग्रजी अक्षरं आहेत, हलणारच! नजर रोखून बघ."

आता सांगा, माझ्याएवढा शहाणा दुसरा कुठे सापडेल?

मग मी युक्ती काढली. मी वाचायचं, त्याने ऐकून पाठ करायचं. बरोबर म्हटलं की एक गरम जिलबी! खायची हौस त्याला पहिल्यापासून. परीक्षेत खात्याचीच परिपत्रकं येणार, म्हणून तीच घोकून घेतली. त्यातलं एक साखरेच्या आजाराचं होतं. कमावत्या माणसांनी लक्षणं वेळीच ओळखावीत, नाहीतर घरंच्या घरं बसतात, असं काहीतरी. त्याच्या प्रती मीच काढल्या होत्या. पण आम्ही कारकून हो! नक्कल करताना काय नि घोकून घेताना काय, मजकुराचा अर्थ बघतो कोण?

परीक्षेला आठ दिवस उरले असतील. दिगंबर हजेरीच्या रजिस्टरवर सही करायला वाकला आणि सही केली टेबलावर! अख्खं दफ्तर हसलं. सगळ्यात मोठ्याने मी.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "रजिस्टर कुठे आहे रे?"

माझं हसू तिथेच आटलं.

त्याला धरून कोठीला डॉक्टरकडे नेलं. वाटेत तो घाबरला होता, म्हणून सुटलो की तोंड गोड करू म्हणत जिलब्या घेतल्या. डॉक्टर मद्रासकडचा, इंग्रजीशिवाय बोलेना. त्याने लघवी तपासली, डोळ्यांत बत्ती टाकून बघितलं. साखर! डावा डोळा गेल्यात जमा. उजवा टिकला तर नशीब.

दिगंबर परीक्षेला बसलाच नाही. मोत्यासारखं लिहिणारा माणूस अडतिसाव्या वर्षी ओट्यावर बसून राहिला. वहिनी लोकांचे परकर-पोलकी शिवायला लागल्या आणि थोरल्याची शाळा सुटली. मला अजून त्या ओट्यावरून जाववत नाही.

पण डॉक्टरच्या खोलीतलं शेवटचं बोलणं राहिलंच सांगायचं.

डॉक्टर वैतागून दिगंबरला म्हणाला, "शिकलेले दिसता. इतके दिवस काय केलंत? ह्या आजाराची लक्षणं ठाऊक नव्हती?"

लक्षणांचा तो घोकलेला इंग्रजी शब्द कानावर पडला आणि दिगंबरला वाटलं, परीक्षाच सुरू झाली! ताठ बसला आणि घडाघडा म्हणायला लागला. फार तहान लागणं, वारंवार लघवी होणं, वजन उतरणं, नजर मंद होणं, गोड पूर्ण वर्ज्य. सगळं इंग्रजीत. एक शब्द चुकला नाही पठ्ठ्याचा.

डॉक्टर थक्क! "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

दिगंबरने चाचपडत माझा हात धरला आणि अभिमानाने, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे आमचे मास्तर."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या दुसऱ्या हातातल्या जिलब्यांच्या पुड्याकडे.